मामा गेल्यापासून आई शुक्रवारचा दिवा लावत नाही. तिला काय सांगू?

अष्टागरची लेक

शालोम आणि नमस्कार.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. माहेर अष्टागरातलं. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, केस चालू आहे. लग्नानंतर पनवेलला असते, पण मे महिन्यापासून जवळजवळ दर गुरुवारी रात्री आईकडे येते, कारण शुक्रवारी तिला एकटं ठेवायचं धाडस होत नाही.

माझा मामा ६६ वर्षांचा होता. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आई आणि तो एकाच घरात राहायचे. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांमधले पाण्याचे पंप त्याच्याकडे यायचे. सुपारी विकली गेली की पैसे द्या, म्हणायचा. वहीत उधारी पेन्सिलीने लिहायचा, म्हणजे पुसता येते. हे मी त्याच्या कौतुकासाठी सांगत नाही. तो कसा होता ते कळल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

मेमधल्या एका शुक्रवारी साडेपाचला त्याने शटर ओढलं. आमच्याकडे शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळी सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, त्यात आग पेटवत नाहीत) किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं शरबत करतात. मनुका त्याने सकाळीच भिजत घातल्या होत्या. वाटेत सब्जाची जुडी घेतली. मच्छी मार्केटच्या कोपऱ्यावर दोन पोरं भांडत होती. एकमेकांचे मित्रच, भांडण कसलं तर मोटारसायकलच्या किल्लीचं. एकाने शहाळेवाल्याच्या गाडीवरचा कोयता उचलला. बाकी सगळे मागे सरले आणि मामा पुढे गेला. "अरे बाळा, ठेव तो खाली" एवढंच म्हणाला, असं शहाळेवाला सांगतो. तालुक्याच्या गावी पोचायच्या आतच गेला.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा ओट्यावर स्टीलच्या वाडग्यात मनुका तशाच होत्या. फुगून टम्म झालेल्या, पाणी काळंभोर. आईने त्या तीन दिवस कोणाला उचलू दिल्या नाहीत. शेवटी त्यावर बुरशीची पांढरी साय धरली तेव्हा मीच नेऊन नारळाच्या आळ्यात ओतल्या.

आई ७१ वर्षांची आहे. दफनाच्या वेळी कपडा फाडतात आणि 'बारूख दायान हाएमेत' म्हणतात, म्हणजे खऱ्या न्यायाधीशाचा धन्यवाद असो. आईने कपडा फाडून घेतला, पण ते शब्द म्हटले नाहीत. ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सात दिवस जमिनीवर बसली. आठव्या दिवशी उठली आणि येणाऱ्या शुक्रवारी दिवा लावला नाही. मी वात केली, तेल घातलं, काडेपेटी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "ज्याने माझ्या भावाला शुक्रवारी मारू दिलं, त्याच्यासाठी मी शुक्रवारचा दिवा का लावू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

लोकांकडे मात्र भरपूर उत्तरं आहेत. एकजण म्हणाले, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. एकीने सांगितलं, बघा, चांगलं काम करताना गेला, किती भाग्याचं मरण. आणि आमच्याच एका माणसाने घरी येऊन विचारलं की दारावरची मेझुझा (चौकटीला लावलेली, ग्रंथातली वचनं ठेवलेली डबी) शेवटची कधी तपासली होती, आतल्या चर्मपत्रावरचं एखादं अक्षर पुसलं असेल. त्या दिवशी आई उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. एका अक्षराची शाई उडाली म्हणून देव कोयता चालवू देतो, असा देव मला शिकवला गेलेला नाही. मामानेही शिकवला नाही.

दुसरी गोष्ट. कद्दिशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थनेला, मिनयान लागतं, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. आमच्या मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मुंबईचं मशीद बंदर स्टेशनही आमच्या १७९६ च्या शाआर हारहामीमवरूनच ओळखलं जातं) सणाला कसेबसे दहा व्हायचे. ते दहा मामा जमवायचा. आदल्या दिवशी फोन, सकाळी परत फोन, मग स्वतः फाटकापाशी उभा. आता तो धरून दहा होते ते नऊ राहिले. दफनाला मुंबईहून माणसं आली म्हणून कबरस्तानात कद्दिश झाली. भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला आहे, तो तिथे म्हणतो. पण मामा ज्या जागी दहावा माणूस मोजत चाळीस वर्षं उभा राहिला, त्या जागी त्याच्यासाठी अजून एकदाही कद्दिश झालेली नाही.

तीन आठवड्यांवर बिरड्याचा रोजा आला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आव महिन्याची नवमी, यरुशलेमचं मंदिर दोन्ही वेळा पडलं त्याचा शोक. आमच्याकडे भुईवर बसून केळीच्या पानावर वालाचं बिरडं खातात, म्हणून हे नाव. आई विचारते, दोन हजार वर्षांपूर्वीच्या देवळासाठी रडू, आणि भावासाठी मात्र "त्याची इच्छा" म्हणू?

मला वादविवाद नको आहे. ज्यांनी असं काही सोसलंय आणि तरीही प्रार्थना सोडली नाही, किंवा सोडली, त्यांनी कृपया लिहा.

---

भावार्थी

ताई, वाईट वाटलं. पण देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. सगळं गमावलेल्या इयोबाची गोष्ट तर तुमच्याच ग्रंथात आहे. त्याला शेवटी सगळं दुप्पट परत मिळालं. आईंना ती वाचून दाखवा, मन शांत होईल.

---

अष्टागरची लेक

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे समजते. पण इयोबाला गुरं दुप्पट मिळाली, मेलेली मुलं परत मिळाली नाहीत, नवी झाली. आई हे आधीच बोलून चुकली आहे. आणि परीक्षा आईची असेल तर पेपर मामाच्या अंगावर का लिहिला?

---

पेणचा, सध्या लोद

बाळ, मी ७३ वर्षांचा. जन्म पेणचा, १९७१ साली इकडे इस्राएलला आलो. मराठी लिहायची सवय कमी झाली आहे, चुकलं तर सांभाळून घे.

इयोबाचंच बोलू, कारण ती गोष्ट बहुतेक लोक फक्त शेवटापासून वाचतात. त्याचे तीन मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. आपण शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाला, बसतो तेव्हा भेटायला येणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही, दुःखी माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं, हा रिवाज त्या सात दिवसांशी जोडलेला आहे. तिथपर्यंत मित्र बरोबर होते. मग ते बोलायला लागले. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, आठवून बघ. इयोब मात्र ओरडत राहिला, देवाला कोर्टात खेचतो म्हणत राहिला. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? मित्रांवर. त्यांना सांगतो की माझ्याबद्दल तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक इयोब बोलला तसं.

देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. मेझुझा विचारायला आलेल्या माणसाला हा अध्याय दाखव. बेचाळिसावा.

आता तुझ्या आईबद्दल. तिला 'तू चुकतेस' असं एका शब्दानेही सांगू नकोस. देव सदोम शहर नष्ट करणार होता तेव्हा अब्राहाम त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? तो आपला पहिला बाप. अहरोनाचे दोन मुलगे एका दिवसात गेले तेव्हा तोराहमध्ये, आपल्या मूळ ग्रंथात, त्याच्याबद्दल एवढंच लिहिलंय की अहरोन गप्प राहिला. त्याने स्तुती केली असं लिहिलेलं नाही. तुझी आई ओठ मिटून उभी राहिली, म्हणजे ती अहरोनाच्या रांगेत उभी होती. मिश्ना, रब्बींच्या नियमांचा जुना ग्रंथ, सांगते की चांगल्यासाठी धन्यवाद म्हणतो तसा वाईटासाठीही म्हणायचा. मी ते मोठ्या मुलाच्या वेळी म्हटलं. जीभ म्हणाली, मी नाही म्हटलं. चौदा वर्षं झाली.

तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, एक गोष्ट आहे, ती मला पेणला आमच्या हझ्झाननी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) सांगितली होती, मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. बापाने मुलाला सांगितलं, उंच इमारतीवर चढ आणि घरट्यातली पिल्लं आण. मुलगा चढला. आधी आईपक्षिणीला उडवून लावलं, मग पिल्लं घेतली. तोराहमध्ये ह्या दोन्हींबद्दल स्पष्ट सांगितलंय की हे कर म्हणजे तुझं आयुष्य वाढेल: आईबापाचा मान राख, आणि पिल्लं घेताना पक्षिणीला जाऊ दे. पोराने एका चढण्यात दोन्ही केलं. उतरताना पडला आणि मेला. हे पाहून एलिशा बेन अबूया नावाच्या मोठ्या पंडिताचा विश्वास उडाला, असं सांगतात. त्याने सगळं सोडलं. तल्मूदने ही गोष्ट लपवली नाही, त्याचं तोंड बंद केलं नाही. तुझ्या मामाची गोष्ट मला त्या मुलासारखीच वाटली.

पण त्या एलिशाची दुसरी गोष्ट ऐक. त्याचा शिष्य रब्बी मेईर त्याला सोडून गेला नाही. एका शब्बाथला एलिशा घोड्यावर बसून चालला होता, म्हणजे उघड उघड शब्बाथ मोडत होता, आणि मेईर त्याच्या मागे पायी चालत तोराह शिकत होता. एका ठिकाणी एलिशा थांबला आणि म्हणाला, मेईर, आता माघारी फिर, घोड्याच्या पावलांवरून मी मोजलंय, शब्बाथला चालायची हद्द इथे संपते.

स्वतः सगळं सोडलेला माणूस शिष्यासाठी पावलं मोजत होता. मी ह्याच्यावर गेली चौदा वर्षं विचार करतोय.

मिश्नाच्या 'पिर्के अवोत' ह्या भागात रब्बी यन्नाईंचं एक वाक्य आहे: दुष्टांचं सुख आणि सज्जनांचं दुःख, दोन्हीचा उलगडा आमच्या हातात नाही. बस. इतका मोठा माणूस, आणि हात वर केले. इथे ७ ऑक्टोबर २०२३ ला सिम्हात तोराहच्या सणाच्या सकाळी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं गेली. त्यानंतर सीमेच्या पलीकडेही किती आया रडल्या, अजून रडतायत. मला कोणी त्याचा अर्थ सांगायला लागलं की मी उठून बाहेर जातो.

आईला माझा शालोम सांग. पेणचा म्हण.

---

काळा घोडा

ताई, मी मुंबईत राहते. मूळ गाव म्हसळ्याकडचं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाउस या यहुदी केंद्रात सहाजण मारले गेले. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि रिव्का हे त्यातले दोघे. कोणीही यावं, शब्बाथचं जेवण जेवून जावं, असं त्यांचं घर होतं. मी तिथे चारपाच वेळा जेवले होते. रिव्का मला दरवेळी विचारायची की कोकणातले लोक माशाला नक्की काय लावतात, आणि मी दरवेळी कोकमाचं सांगायचे.

१ डिसेंबरला केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये प्रार्थना होती. मी मागच्या बाकावर होते. त्यांचा मुलगा मोशे, नुकता दोन वर्षांचा झालेला, 'इमा, इमा' करून रडायला लागला. इमा म्हणजे आई. ते ऐकल्यावर माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं. पुढची दोन वर्षं मी सिनेगॉगमध्ये जायचे ती नवऱ्याबरोबर, आणि पुस्तक बंद ठेवून बसायचे.

परत आले ती कुठल्या उत्तरामुळे नाही. एकदा बसल्या बसल्या तेहिल्लीम (स्तोत्रांचं पुस्तक) उघडलं तर ४४ वं स्तोत्र निघालं. 'जागा हो, प्रभू, झोपलास का?' मी कितीदा ते म्हटलं असेल लहानपणी, अर्थाकडे लक्षच नव्हतं. माझ्या मनातली शिवी प्रार्थनेच्या पुस्तकात आधीच छापलेली होती, आणि माझ्या आजीने तिच्यावर बोट ठेवून मला अक्षरं शिकवली होती. मग मी तेवढंच एक म्हणायला लागले. बराच काळ तेवढंच.

आणखी एक. मोशेला बाहेर काढलं ते सँड्रा सॅम्युएलने. ती यहुदी नाही. लपलेल्या जागेतून मुलाचं रडणं ऐकून ती बाहेर आली, त्याला उचललं आणि पळाली. मग त्याच्यासाठी इस्राएललाही गेली. तुमच्या मामांसारखंच, सगळे मागे सरतात तिथे पुढे जाणारं माणूस. ती वाचली, मामा वाचले नाहीत. का, ते मला विचारू नका. पण कुठलाही अर्थ लावताना मी हे दोघं शेजारी शेजारी ठेवते, आणि अर्थ टिकत नाही.

---

सुपारीवाडी

ताई, मी यहुदी नाही, आगरी आहे. तुम्ही गाव लिहिलं नाहीत तरी पंप आणि पेन्सिल वाचून ओळखलं. आमच्या वाडीचा पंप त्यांनी तीनदा भरून दिला. जुनी तांब्याची तार काढली की ती वजन करून परत द्यायचे. दुसरे कोणी देत नाहीत. म्हणायचे, तुझं तांबं आहे, मोडीत घाल, पोराच्या वह्या येतील. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुकान तसंही शनिवारी बंदच असतं, पण आम्ही सातआठ वाडीवाले तिथे जाऊन उभे राहिलो. काय करायचं कळेना. एकाने शटरला हात लावला आणि घरी आलो.

आमची उधारी ४,२०० होती. तुमच्या आईंकडे घेऊन गेलो तर त्या म्हणाल्या, वहीत तुमचं नाव नाही, पुसलंय. ताई, पुसलं असेल तरी आमच्या डोक्यात आहे. पैसे कुठे द्यायचे सांगा. मशिदीचं छप्पर गळतं असं ते एकदा म्हणाले होते. कौलं आणि माणसं मी बघतो.

---

ठाण्याहून

मी इथल्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये जातो. बाकीच्यांनी इतकं लिहिल्यावर मला ज्ञान सांगायचं नाही. कद्दिशचं बघू.

नऊ आहेत म्हणालात. खात्रीला आम्ही पाच जण येतो. दोघं तरुण आहेत, एक माझा चौदा वर्षांचा मुलगा, त्याचं बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा विधी) झालंय, तो मोजला जातो. पावसात गेटवेची लाँच बंद, भाऊच्या धक्क्याची रो-रो हवा बघून सुटते, त्यामुळे गाडी करून पेणमार्गे येऊ. बिरड्याच्या रोज्याच्या आधीचा रविवार चालेल का? सकाळची प्रार्थना मशिदीतच करू, तुमच्या मामांच्या जागेवर. कद्दिश कोण म्हणणार तेवढं ठरवा. तुमचा मुलगा तेरा पूर्ण असेल तर तो म्हणू शकतो. आम्ही बरोबर म्हणू.

एक सांगतो, सगळ्यांना माहीत असतं पण लक्षात येत नाही: कद्दिशमध्ये मरणाचा शब्दच नाही. सगळी देवाच्या नावाची स्तुती. लहानपणी मला वाटायचं की देवाला बरं वाटावं म्हणून म्हणतात. वडील गेले तेव्हा ११ महिने रोज म्हटली. रोज दहा माणसं माझ्यासाठी उठून यायची आणि 'आमेन' म्हणायची. मला देव ऐकू आला की नाही सांगता येत नाही. ते 'आमेन' ऐकू यायचं.

---

अष्टागरची लेक

सगळ्यांना एकत्र लिहिते, उशीर झाला, नेट नव्हतं. दोन दिवस पाऊस धरून बसलाय.

पेणच्या काकांचं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. अहरोन गप्प राहिला, इथे तिने मला परत वाचायला लावलं. मग विचारलं, "पेणचा कोणाचा?" मला सांगता आलं नाही. काका, तुमच्या मुलाबद्दल वाचलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती चष्मा पुसत बसली. तुम्ही आठ वर्षांचे असताना ऐकलेली गोष्ट तिनेही ऐकली होती, पण तिला वरून पडलेला मुलगाच आठवत होता. घोड्याचं माहीत नव्हतं.

ते वाचल्यावर मला एक लक्षात आलं, जे दोन महिने डोळ्यांसमोर होतं. आई दिवा लावत नाही. पण शुक्रवारी चार वाजले की माझ्या मुलाला हाक मारते, "तुझा चहा आत्ताच करून घे, नंतर गॅस पेटवायचा नाही." टीव्हीचं बटण स्वतः बंद करते. मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही.

कालच्या शुक्रवारी दिवा मी लावला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत आली नाही, गेलीही नाही.

'काळा घोडा' ताई, ४४ वं स्तोत्र मी घडी घालून तिच्या उशीखाली ठेवलंय. तिला ते माहीत आहे.

सुपारीवाडीचे दादा, पैशाचं आईला विचारलं. म्हणाली, कौलं घ्या आणि पावती मशिदीच्या नावाने करा, आणि तुमचं नाव पुसलं ते तिने नाही, मामानेच, मार्चमध्ये.

ठाण्याचे दादा, रविवार चालेल. कद्दिश माझा मुलगा म्हणेल, रोज संध्याकाळी उच्चार घोटतोय. मामाची पाठ टेकायची खुर्ची तशीच खिडकीजवळ आहे, ती रिकामी ठेवा असं आई म्हणते. वडखळला रविवारी गाड्या तुंबतात, पाचच्या आत ठाणं सोडा. जेवूनच जायचं. नक्की किती जण ते गुरुवारपर्यंत कळवा, कडवे वाल भिजवून, मोड आणून सोलायला दोन दिवस जातात आणि आई म्हणते सोलायचं ती एकटीच करणार.